पक्षी पाहिले, पण मोजले का?

गेल्या हिवाळ्यात पवना धरणाच्या काठावर अकरावीतल्या एका मुलाने मला एक प्रश्न विचारला. आम्ही दहा-बारा जण पहाटेच लोणावळ्याहून निघून दुधिवरे खिंड उतरून आलो होतो. पाण्यावर धुके होते. ते विरळ झाले तेव्हा पलीकडे तुंगचा सुळका दिसू लागला आणि अलीकडच्या उथळ पाण्यात बदकांचा एक लहानसा थवा दिसला. मुले आनंदली. हा मुलगा मात्र थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, पूर्वी इथे यापेक्षा जास्त बदके येत होती का?"

मी म्हणालो, "वहीत पाहून सांगतो." माझ्याकडे २००६ सालापासूनच्या हिवाळी सहलींच्या वह्या आहेत, त्यामुळे उत्तर सोपे आहे असे मला वाटले. घरी येऊन त्या सगळ्या काढल्या. प्रत्येक पानावर तारीख होती, ठिकाण होते आणि खाली नावांची यादी होती : टिबुकली, चांदवा, पाणकावळा, तुतवार, धोबी, खंड्या, कैकर. कुठे कुठे एखाद्या नावाखाली दोन रेघा आणि उद्गारचिन्ह. पण किती टिबुकल्या? ते लिहिलेले नव्हते. किती वेळ थांबलो होतो? तेही नाही. आणि ज्या दिवशी चक्रवाकाचे नाव यादीत नाही, त्या दिवशी तो नव्हता, की आम्ही त्या बाजूला गेलोच नाही, की मी लिहायला विसरलो, हे कळायला काही मार्ग नव्हता. एवढ्या वह्या, आणि अकरावीच्या मुलाच्या एका साध्या प्रश्नाला त्यांत उत्तर नाही.

मी पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून ही गोष्ट मला जरा जास्तच लागली. प्रयोगशाळेत साध्या दोलकाचा प्रयोग असतो. 'जी'ची किंमत ९८० च्या आसपास यायला हवी हे मुलांना पुस्तकातून ठाऊक असते, आणि मग निरीक्षणे मोठ्या आज्ञाधारकपणे ९८० च्या जवळ येऊन बसतात! अशा वह्या पाहिल्या की मी रागावतो. जे दिसले तेच लिहा, आलेख वाकडा आला तरी चालेल, निरीक्षण खोडू नका, असे दरवर्षी सांगतो. प्रयोगशाळेबाहेर मात्र मी स्वतः फक्त मनाला आवडलेली निरीक्षणे लिहीत आलो होतो.

म्हणून आज माझे मत स्पष्टपणे मांडतो. शाळा-कॉलेजांच्या हिवाळी पक्षिनिरीक्षणाच्या सहली ही नुसती ओळखपरेड राहू नये. एकच जागा निवडावी, तिथे पुन्हा पुन्हा जावे, पक्षी मोजावेत आणि जो दिसला नाही त्याच्यापुढे शून्य लिहावे.

हे अनेक शिक्षकांना पटणार नाही, हे मला माहीत आहे. आमच्याकडच्या शाळांना हिवाळ्यात भिगवणची सहल आवडते. पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर, उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे थवे असतात, होडीतून फिरता येते आणि छायाचित्रे छान निघतात. एकदा अवश्य जावे. पण वर्षातून एकदा भाड्याच्या बसने जाऊन रोहित पाहून आलेल्या मुलाला रोहितांबद्दल जेवढे कळते, त्यापेक्षा आपल्या गावाशेजारच्या तळ्यावर दहा वेळा गेलेल्या मुलाला साध्या धोबी पक्ष्याबद्दल अधिक कळते. आपल्या धोब्याचे तळ्यावरचे शेवटचे दर्शन कोणत्या आठवड्यात झाले ते तो सांगू शकतो. रोहितांचे तसे काही सांगता येत नाही, कारण दुसऱ्या दिवशी आपण तिथे नसतो.

एकाच जागी बसून काय साधते याचे उदाहरण आपल्या अलिबागजवळ घडले आहे. १९३० साली सालिम अली यांना नोकरी नव्हती. ते किहीमला राहत होते. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. शिडीवर कापडाचा आडोसा करून ते तासन् तास बसत आणि कोणत्या घरट्यात कोण केव्हा गेले याची टिपणे घेत. घरटे नर विणतो, मादी अर्धवट झालेली घरटी तपासून एखादे पसंत करते, आणि मग तो नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्या टिपणांतून उलगडले. सुगरण काही दुर्मिळ पक्षी नव्हे. तिला सगळ्यांनीच पाहिले होते, पण हिशेब ठेवीत कोणी बसले नव्हते.

मोजण्याची परंपरा अमेरिकेत याहूनही जुनी आहे. तिकडे नाताळात बंदुका घेऊन बाहेर पडायचे आणि कोण जास्त पक्षी मारतो याची चढाओढ लावायची अशी रीत होती. त्याऐवजी पक्षी मारू नका, मोजा, असे फ्रँक चॅपमन यांनी सुचवले आणि १९०० सालच्या नाताळात २७ जणांनी पहिली गणना केली. ती आजही दरवर्षी होते. तिच्या नोंदींत पक्ष्यांच्या संख्येबरोबर किती तास पाहणी केली तेही लिहितात, आणि खरी मेख तिथेच आहे. दोन तासांत ४० टिटव्या आणि चार तासांत ४० टिटव्या या दोन नोंदी सारख्या नाहीत. वेग काढताना आपण अंतराला वेळेने भागतो, तसेच इथेही भागावे लागते.

आता शून्याकडे वळू. २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांनी पाठवलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर तो आधारलेला आहे. त्याची रीत समजून घ्या. समजा, एका भागातून १०० पूर्ण याद्या आल्या. पूर्ण यादी म्हणजे जे जे ओळखू आले ते सारे लिहिलेली यादी. त्यांपैकी ४० याद्यांत तुतवार आहे. काही वर्षांनी १०० पैकी २५ याद्यांतच तो आढळला, तर तुतवार कमी झाला असे म्हणायला आधार मिळतो. हा आधार ज्या याद्यांत तुतवार नाही त्यांनी दिलेला असतो! निरीक्षकाने फक्त 'विशेष' पक्षी लिहिले असतील, तर ती यादी या कामाला निरुपयोगी ठरते. माझ्या वह्या अशाच आहेत.

या अहवालात ९४२ जातींचा विचार केला आहे. पण दीर्घकाळातील चढउतार सांगता आला तो केवळ ३३८ जातींचा. त्यांपैकी २०४ जाती घटल्या आहेत, ९८ स्थिर आहेत आणि ३६ वाढल्या आहेत. हिवाळ्यात आपल्याकडे येणारी चक्रांग, थापट्या आणि तलवार बदक ही बदके घटलेल्यांत आहेत. उरलेल्या सहाशेहून अधिक जातींबद्दल दीर्घकाळाचे काही सांगण्याइतक्या नोंदीच मिळाल्या नाहीत. शाळांच्या वह्यांना इथे जागा आहे.

मोजायचे कसे, हे थोडे सांगतो. पाण्यावर बसलेला थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत भरून घ्या आणि तेवढे तेवढे तुकडे थव्यावर सरकवत न्या. चार-पाच जणांनी एकमेकांशी न बोलता आपापला आकडा कागदावर लिहावा. ६०, ७५, ६८, ९० असे आकडे आले तर गोंधळून जाऊ नका, आणि ७५ म्हणणाऱ्या हुशार मुलाच्या आकड्याशी आपला आकडा जुळवूनही घेऊ नका. सगळे लिहा. त्यांच्यातील तफावत हीच तुमच्या मोजणीतील चूक, आणि ती माहीत असणे हे ज्ञान आहे. सूर्य पाठीशी ठेवा. समोरून उजेड आला की पाणकावळा, चांदवा आणि बुडालेले ओंडके सगळे एकाच रंगाचे होतात.

दुर्बिणीचे शास्त्र दोन ओळींत उरकतो. दुर्बिणीवर ८×४० असे लिहिलेले असते. ४० ला ८ ने भागले की ५ येतात. डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशझोताचा हा व्यास, मिलिमीटरमध्ये. २०×५० ची दुर्बीण भारी वाटते, पण तिचा झोत अडीच मिलिमीटरचाच, म्हणून पहाटेच्या अंधुक उजेडात तिच्यातून चित्र काळवंडलेले दिसते, आणि हातही वीसपट हलतो. सगळ्यांत मिळून एक दुर्बीण असली तरी काम चालते.

पाण्याची पातळी लिहिणे मात्र टाळू नका. १९७२ साली पुरे झालेले पवना धरण पावसाळ्यात भरते. मग शेतीसाठी आणि पिंपरी-चिंचवडसाठी पाणी नदीत सोडले जाते आणि काठ उघडा पडत जातो. काठाचा उतार ५० मीटरला १ मीटर असेल, तर पातळी १ मीटर उतरल्यावर ५० मीटर रुंदीचा चिखल उघडा होतो. उतार ५ मीटरला १ मीटर असेल, तर तेवढ्याच उतरणीत फक्त ५ मीटर. तुतवार, शेकाट्या यांना हवा असतो तो हाच चिखल आणि त्यालगतचे वीतभर पाणी. चक्रांग आणि तलवार बदकेही एरवी बुडी मारून चरत नाहीत. शेपटी वर आणि चोच खाली करून जेवढे पोचेल तेवढेच खातात. डोंगर सरळ पाण्यात उतरतो तिथे पाणी कितीही असले तरी ती दिसणार नाहीत. ओढे येऊन मिळतात त्या उथळ टोकांना पाहा. आणि डिसेंबरात जिथे पक्षी होते तिथे फेब्रुवारीत नसतील, तर पक्षी कमी झाले म्हणण्यापूर्वी पाणी कुठे गेले ते पाहा. आम्ही काठावरचा एक खडक ठरवून ठेवला आहे. तिथून पाण्याच्या कडेपर्यंतची पावले दर खेपेला मोजतो.

मोजताना जवळ जायचा मोह होतो. थोड्या गरम पाण्यात थंड तापमापक बुडवला की तापमापकच थोडी उष्णता घेतो आणि आपण मोजतो ते मूळचे तापमान नसते. पक्ष्यांचेही तसेच. थवा उडाला की मोजणी बिघडली, शिवाय त्यांचे चरणे मोडले ते वेगळेच. अलीकडे मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावण्याची खोड लागली आहे. आमच्या सहलीत तिला बंदी आहे. काठावर शनिवार-रविवारी तंबू पडतात, रात्री मोठ्याने गाणी लागतात. त्याबद्दल नुसते चडफडण्याऐवजी आम्ही वहीत एक रकाना वाढवला : तंबू किती. एका हिवाळ्याच्या नोंदींवरून मी काही निष्कर्ष काढणार नाही.

एक शिक्षिका मला म्हणाल्या, "मुलांना आधी आनंद घेऊ द्या हो, आकडे नंतर." त्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. पाचवी-सहावीच्या मुलांना जरूर नुसते पाहू द्यावे. पण आठवीच्या पुढची मुले क्रिकेटमधल्या धावांची सरासरी आवडीने काढतात, तेव्हा आकड्यांनी त्यांचा आनंद जातो असे मला दिसलेले नाही. कंटाळा येतो तो आकडे कुणालाच नको असतात तेव्हा. आपले आकडे द्यायला आता जागा आहेत. आशियातील पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. फेब्रुवारीत चार दिवस अंगणातल्या पक्ष्यांची गणना असते, आणि तिला एका जागी पंधरा मिनिटे पुरतात. शाळेचे मैदानही चालते.

ज्याने प्रश्न विचारला तो मुलगा आता बारावीत आहे. वहीला रेघा आखण्याचे काम त्यानेच घेतले. सगळी नावे आधीच छापून घेतली आहेत, म्हणजे कोणाचीही जागा मोकळी सोडता येत नाही. डिसेंबरातल्या पहिल्या खेपेचे पान माझ्यासमोर आहे. वेळ ७.१० ते ८.४०. निरीक्षक ६. खडकापासून पाणी २३ पावले. तंबू ४. चक्रवाक ०.