पायांचा डॉक्टर

डोळ्यांचा डॉक्टर, दातांचा डॉक्टर, कान-नाक-घशाचा डॉक्टर, हे सगळे आपल्या ओळखीचे. 'पायांचा डॉक्टर' म्हटलं की मात्र गोवेकर हसतो. अमेरिकेत त्याला पोडायट्रिस्ट म्हणतात. पदवीनंतर चार वर्षांचं वेगळं शिक्षण, त्यावर तीन वर्षं इस्पितळात उमेदवारी, आणि मग जन्मभर फक्त पाऊल आणि घोटा. इंग्लंडमध्येही हा रीतसर व्यवसाय आहे. आपल्याकडे पाय मुरगळला तर हाडांचा डॉक्टर, जखम चिघळली तर सर्जन आणि पाय बधिर झाला तर मधुमेहाचा डॉक्टर. एका पावलाचे तीन वाटेकरी! अख्खं पाऊल हातात घेऊन बघणारा बहुधा कोणीच नाही.

खरं तर या कामाचा मोठा पाया आपल्याच देशात घातला गेला. डॉ. पॉल ब्रँड हे पोडायट्रिस्ट नव्हेत, हाडांचे सर्जन. 1914 साली तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मले, लंडनला शिकले आणि 1946 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. तिथून चिंगलपेटचं कुष्ठरोग रुग्णालय बघायला गेले असता त्यांनी तिथल्या डॉ. कॉक्रेनना विचारलं, की या लोकांचे हातपाय असे का होतात? कॉक्रेन म्हणाले, हाडांचे डॉक्टर तुम्ही, तुम्हीच सांगा. तोवर सगळ्या जगाची समजूत अशी, की कुष्ठरोगात मांसच कुजतं आणि बोटं झडतात. ब्रँडनी एका रोग्याच्या वाकड्या हातात आपला हात दिला, तर त्याची पकड चांगली घट्ट! स्नायू शाबूत होते. वर्षानुवर्षं निरीक्षण करून त्यांनी दाखवून दिलं, की बोटं रोगाने झडत नाहीत. वेदना नसल्यामुळे माणूस स्वतःच स्वतःला जखमी करत राहतो. चपलेत खिळा घुसला तरी चालतो, चुलीतलं भांडं उघड्या हाताने उचलतो, झोपेत उंदराने बोट कुरतडलं तरी जागा होत नाही. रोग्यांनी रात्री मांजर जवळ ठेवावं, अशी व्यवस्था त्यांनी केली होती.

एकदा इंग्लंडला जाताना त्यांनी मोजा काढला, तर टाचेला स्पर्शच कळेना. आपल्यालाही कुष्ठरोग झाला, या समजुतीत त्यांनी ती रात्र काढली. सकाळी पुन्हा सुई टोचली, तर कळ आली! त्या कळीसाठी त्यांनी देवाचे आभार मानले. पुढे 'वेदना' या विषयावर त्यांनी जे लिहिलं, बोललं, त्याच्या मुळाशी ती रात्र आहे असं मला वाटतं.

शस्त्रक्रियेने त्यांनी हातापायांचे स्नायूबंध फिरवले, लोळागोळा झालेलं पाऊल पुन्हा उचललं जाईल असं केलं. पण रोगी घरी जाऊन अनवाणी हिंडला की जखम परत हजर. मग ब्रँड चपलांच्या मागे लागले. पावलाचा भार एका जागी न पडता सगळीकडे सारखा वाटला जावा, असा तळ हवा होता. त्या खटपटीतून मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल आली. आज मधुमेह्यांना डॉक्टर 'एमसीआर चप्पल घ्या' म्हणतात, ती हीच. 1966 साली ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग केंद्रात गेले आणि तिथे त्यांच्या ध्यानात आलं, की मधुमेह्याचं पाऊलही तसंच मुकं असतं, म्हणून इलाजही तोच. अमेरिकेत पाय कापण्याचं प्रमाण कमी कसं करावं, असं विचारल्यावर त्यांनी सुचवलेला उपाय इतकाच होता, की डॉक्टरांनी रोग्याला बूटमोजे काढायला सांगावं आणि पाय बघावेत.

आता आपल्या गोव्याकडे वळतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत मधुमेहात देशात पहिला क्रमांक गोव्याचा होता. 26.4 टक्के, म्हणजे शंभर प्रौढांत सव्वीस! वर्तमानपत्रात दोन दिवस बातमी गाजली आणि गोड खाणं, बसून राहणं यांवर चार लेख आले. पावलांबद्दल कोणी बोललं का? एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी देवळाच्या आवारातली फरशी कशी तापते, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही-आम्ही चटका बसला की उड्या मारत सावली गाठतो. पाय बधिर झालेले आजोबा मात्र शांतपणे प्रदक्षिणा पूर्ण करतात आणि घरी आल्यावर सून फोड बघते. अनवाणी जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. पहाटे जा, नाहीतर जाड सुती मोजे घाला. देव रागावणार नाही.

दुसऱ्या टोकाला आमची पोरं. 2012 साली सरकारने फुटबॉल हा राज्याचा खेळ म्हणून जाहीर केला, पण भात कापून रिकाम्या झालेल्या शेतांत तो त्याच्या किती आधीपासून चालू आहे. घोटा मुरगळला की बर्फ, मलम, पट्टी आणि पुढच्या रविवारी पुन्हा मैदान. बाहेरच्या बाजूचा स्नायूबंध नीट भरून आला नाही, तोल सावरण्याचे व्यायाम केले नाहीत, तर तोच घोटा पुनःपुन्हा दगा देतो. गुणी पोरांचा खेळ त्यात लवकर संपतो, आणि आपण म्हणतो, नशीब!

मग या धंद्यात आपली मुलं का येत नाहीत? एक कारण उघड आहे, इथे त्यासाठी रुळलेली वाट नाही. पण मला दुसरंही एक दिसतं. आपण संतांच्या पादुका डोक्यावर घेतो, वडीलधाऱ्यांच्या पायांची धूळ कपाळाला लावतो, आणि दुसऱ्याच्या टाचेची भेग हातात घेऊन बघणं मात्र हलकं काम समजतो. त्यातून पायांच्या वैद्यकीत अर्धं काम चपलेचं. जो समाज चांभाराला शतकानुशतकं गावाबाहेर ठेवत आला, त्याच्या मुलाला डॉक्टर होऊन चपलेचा तळ मापायला आवडेल कसं? ब्रँडना त्याची लाज वाटली नाही, कारण त्यांना हवं होतं ते ज्ञान चांभाराकडे होतं.

पदवी, कॉलेज या गोष्टींना वेळ लागेल. तोवर प्रत्येक आरोग्य केंद्रात एका नर्सला पाय तपासायला शिकवता येईल. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवायचा आणि रोग्याला डोळे मिटून विचारायचं, कळतंय का? पाच मिनिटांचं काम. तुमच्या घरात साखरेचं कोणी असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना सोबत जा, आणि त्यांनी नाही सांगितलं तरी चपला काढायला लावा.