सटवाई गेली, एलियन आला!



'मानवी डीएनएत एलियनचा संदेश' हे व्हिडिओ आता आपल्याच ग्रुपवर फिरतात. मूळ प्रकरण काय? 2013 साली कझाकस्तानच्या शेर्बाक आणि माकुकोव्ह यांचा लेख 'इकारस' या नियतकालिकात आला. अमिनो आम्लांच्या अणुकेंद्रांतले कण मोजले की 37 च्या पटी मिळतात, म्हणून जनुकीय संकेत कुणीतरी मुद्दाम रचला असावा, असा दावा. (संकेत माणसाचा एकट्याचा नाही. केळीचा आणि जिवाणूंचाही तोच!) पण प्रोलिन हे आम्ल हिशेबात बसेना. मग त्याचा एक कण कागदावरच इकडून तिकडे सरकवला! पत्रिका जुळत नाही म्हणून ग्रह दुसऱ्या घरात बसवणारा भटजी वेगळे काय करतो?

बाबासाहेबांनीही आकडे हाताळले. 'द अनटचेबल्स' (1948) मध्ये नाकाच्या मापांचे आकडे तपासून 'अस्पृश्य वेगळ्या वंशाचे' हा सिद्धांत त्यांनी मोडीत काढला. सिद्धांतासाठी माप वाकवले नाही.

सटवाईने कपाळी लिहिलेले आपण पुसले. आता पेशीत लिहिलेले मानायचे? व्हिडिओ पाठवणाऱ्याला एवढेच विचारा, प्रोलिनचा कण कुणी हलवला?