विश्लेषण : प्रक्षेपणाचा पैसा आटला, तर क्लब कशावर तगणार?

नवी दिल्ली : रग्बी प्रीमियर लीगच्या पहिल्याच हंगामात ‘दिल्ली रेड्झ’ने अंतिम फेरी गाठली, मात्र हा संघ राजधानीत एकदाही खेळला नाही. 15 ते 29 जून 2025 या पंधरवड्यात झालेले स्पर्धेचे सर्व 34 सामने मुंबईतील अंधेरी क्रीडा संकुलात खेळवले गेले. अंतिम लढतीत चेन्नई बुल्सने दिल्लीला 41-0 असे नमवले. ज्या शहराचे नाव संघाने घेतले, त्या शहरात त्याची तिकीट खिडकी उघडलीच नाही. दिल्लीकरांची आपल्या संघाशी ओळख झाली ती केवळ दूरचित्रवाणी आणि मोबाइलच्या पडद्यावरून.

यात आयोजकांची चूक काढण्यासारखे फारसे नाही. नव्या खेळाची स्पर्धा एकाच मैदानावर भरवली की प्रवास, निवास आणि प्रक्षेपण यंत्रणेचा खर्च आटोक्यात राहतो. पण त्यामुळे क्लबच्या उत्पन्नाचा एक मोठा स्रोत आरंभीच बंद होतो आणि उरतात ते प्रायोजक, मालकांची गुंतवणूक आणि प्रक्षेपणातून येणारा पैसा. प्रायोजकही सामना किती लोकांनी पाहिला, हे विचारूनच रक्कम ठरवतात. म्हणजे शेवटी सारा भार पडद्यावरच येतो. हा भार तो किती काळ पेलू शकतो, हा रग्बीपुढील खरा प्रश्न आहे.

जाहिरातीच्या वेळेचे गणित

प्रक्षेपक खेळ विकत घेतो म्हणजे प्रत्यक्षात जाहिरातीची वेळ विकत घेतो. क्रिकेटमध्ये प्रत्येक षटकानंतर अशी वेळ मिळते. इंडियन प्रीमियर लीगच्या 2023 ते 2027 या 5 हंगामांचे हक्क 48,390 कोटी रुपयांना, म्हणजे सरासरी प्रतिसामना सुमारे 118 कोटी रुपयांना विकले गेले, त्यामागे लोकप्रियतेइतकाच खेळाच्या या रचनेचाही वाटा आहे.

सात खेळाडूंच्या रग्बीत एरवी 7 मिनिटांची दोन सत्रे असतात आणि विश्रांती एकदाच मिळते. भारतीय लीगने त्याऐवजी 4 मिनिटांची चार सत्रे ठेवली. त्यामुळे जाहिरातीसाठी एकाऐवजी तीन जागा निर्माण झाल्या. तरीही 16 मिनिटांप्रमाणे 34 सामन्यांचा प्रत्यक्ष खेळ भरतो अवघा 544 मिनिटांचा, म्हणजे जेमतेम 9 तासांचा. तीन ट्वेंटी-20 सामन्यांतही याहून अधिक वेळ प्रक्षेपकाच्या हाती येतो. वेगवान, आटोपशीर आणि ऑलिम्पिकमध्ये स्थान मिळवलेला हा खेळ प्रेक्षकाला आवडू शकतो. पण आजच्या बाजारात केवळ प्रक्षेपण हक्कांच्या विक्रीवर सहा संघांचा वर्षभराचा खर्च भागणे अवघड दिसते.

दिल्लीतच मिळालेला धडा

पडद्यावर विसंबण्याची किंमत काय असते, हे भारतीय फुटबॉलने नुकतेच अनुभवले आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 मध्ये आपले व्यावसायिक हक्क 15 वर्षांसाठी 700 कोटी रुपयांना दिले. त्याच करारातून पुढे 2014 मध्ये इंडियन सुपर लीग उभी राहिली. कराराची मुदत डिसेंबर 2025 मध्ये संपणार होती. नूतनीकरण होत नाही असे दिसताच फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड या व्यावसायिक भागीदार कंपनीने जुलै 2025 मध्ये नवा हंगाम स्थगित केला. त्याचा परिणाम क्लबांवर लगेच झाला. बंगळूरु एफसीने ऑगस्टमध्ये खेळाडू व कर्मचाऱ्यांचे वेतन बेमुदत थांबवले, तर चेन्नईयिन एफसीने कामकाजच स्थगित केले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. महासंघाने ऑक्टोबरमध्ये नवी निविदा काढली. वर्षाला किमान 37.5 कोटी रुपये किंवा एकूण महसुलाच्या 5 टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती देण्याची अट त्यात होती. नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. अखेर केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने हस्तक्षेप केला आणि 14 फेब्रुवारी 2026 पासून 14 क्लबांचा संक्षिप्त हंगाम ठरला. आधीच्या हंगामात 163 सामने झाले होते. नव्या आराखड्यात ते 91 वर आले.

बोली न येण्यामागची दोन कारणे रग्बीलाही लागू पडतात. पहिले कारण खरेदीदारांच्या संख्येचे. नोव्हेंबर 2024 मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचे माध्यम व्यवसाय एकत्र येऊन ‘जिओस्टार’ अस्तित्वात आली. पूर्वी जे दोन समूह एकमेकांवर बोली चढवत, ते एकाच छताखाली आले. आयपीएल, प्रो कबड्डी आणि रग्बी प्रीमियर लीग या तिन्ही स्पर्धा याच समूहाच्या वाहिन्यांवर दिसल्या. बाजारात मोठा ग्राहक एकच असेल, तर भावही तोच ठरवतो. दुसरे कारण जाहिरातदारांचे. ऑगस्ट 2025 मधील ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी आली आणि क्रीडा प्रक्षेपणातील जाहिरातींचा एक मोठा आधार गेला.

दिल्लीपुरता आणखी एक पैलू आहे. येथील ‘दिल्ली डायनामोज’ हा क्लब 2019 मध्ये भुवनेश्वरला जाऊन ‘ओडिशा एफसी’ झाला. पुढे 2025 मध्ये ‘हैदराबाद एफसी’ राजधानीत येऊन ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ बनला. भाड्याचे घर बदलावे तसे क्लब शहर बदलतात, कारण त्यांच्या मिळकतीचा फारच थोडा भाग त्या शहरातून येतो.

इंग्लंडचे अपयश, फ्रान्सची शिस्त

रग्बीची जुनी परंपरा असलेले देशही यातून सुटलेले नाहीत. इंग्लंडच्या प्रीमियरशिपने 2018 च्या अखेरीस आपल्या व्यावसायिक हक्कांतील 27 टक्के हिस्सा सीव्हीसी या गुंतवणूकदार संस्थेला 20 कोटी पौंडांहून अधिक रकमेस विकला. क्लबांना रोख रक्कम मिळाली, पण पुढच्या प्रक्षेपण उत्पन्नातील वाटा कायमचा हातचा गेला. खेळाडूंचे वेतन मात्र चढेच राहिले. त्यात करोनाकाळात स्टेडियम रिकामी पडली. 2022 मध्ये वूस्टर आणि वॉस्प्स, तर 2023 मध्ये लंडन आयरिश हे क्लब कोसळले आणि 13 संघांची लीग 10 वर आली. वॉस्प्सने स्टेडियमसाठी घेतलेले 3.5 कोटी पौंडांचे रोखे फेडता आले नव्हते. दोन वेळा युरोपचे विजेतेपद मिळवलेल्या संघाची ही अवस्था झाली.

फ्रान्सच्या ‘टॉप 14’ लीगकडे प्रक्षेपणाचे दीर्घ मुदतीचे करार आहेत, तसेच क्लबांच्या हिशेबांवर देखरेख करणारी यंत्रणाही आहे. अंदाजपत्रक विश्वासार्ह नसेल, तर ती क्लबला खालच्या श्रेणीत पाठवू शकते. लहान शहरांतली भरलेली स्टेडियम आणि स्थानिक उद्योगांचा आधार यांमुळे प्रक्षेपण हा तेथे अनेक उत्पन्नांपैकी एक भाग ठरतो. तेथेही धनिक मालकांना अनेक क्लबांची तूट भरून काढावी लागते, हे खरे. पण तूट वेळीच दिसते.

कबड्डी किती मार्गदर्शक?

क्रिकेटव्यतिरिक्त यशाचे उदाहरण म्हणून प्रो कबड्डीचे नाव घेतले जाते. 2021 मध्ये तिचे 5 हंगामांचे हक्क सुमारे 908 कोटी रुपयांना गेले. मात्र ते घेणाऱ्या स्टार समूहाचाच लीग चालवणाऱ्या कंपनीत मोठा हिस्सा आहे. घेणारा आणि देणारा एकाच घरातला असल्याने हा भाव खुल्या बाजाराचा मानता येत नाही. 2025 च्या हंगामातही 12 संघांचे सामने 4 शहरांत आटोपले. ‘दबंग दिल्ली’ने अंतिम फेरीत पुणेरी पलटणवर 31-28 अशी मात केली ती घरच्या त्यागराज स्टेडियमवर, पुण्याच्या चाहत्यांना मात्र त्या हंगामात घरच्या मैदानावर एकही सामना मिळाला नाही. महाराष्ट्राच्या मातीतला खेळ असूनही ही स्थिती असेल, तर रग्बीची अडचण सहज लक्षात येते.

भारतात रग्बी क्लबच्या तिजोरीचा इतिहास जुना आहे. 1870 च्या दशकात स्थापन झालेला कलकत्ता फुटबॉल क्लब सदस्य घटल्याने बंद करावा लागला. बँकेतून काढलेले चांदीचे रुपये वितळवून बनवलेला ‘कलकत्ता कप’ 1878 मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेला दिला गेला आणि आजही इंग्लंड व स्कॉटलंड त्यासाठी झुंजतात. तो क्लब निदान कर्ज न ठेवता मिटला.

आजच्या संघांपुढचे प्रश्न अधिक व्यावहारिक आहेत. पंधरा दिवसांच्या स्पर्धेतून खेळाडूला काही काळ चांगले मानधन मिळेल. पण त्यावर वर्षभराचा व्यवसाय उभा राहत नाही. त्यासाठी किमान काही सामने संघाच्या शहरात व्हावे लागतील, शाळा-महाविद्यालयांत खेळ रुजवावा लागेल, वेतनाला उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा घालावी लागेल आणि हिशेब उघड ठेवावे लागतील. यातील एकाही गोष्टीसाठी प्रक्षेपकाच्या होकाराची गरज नाही. पहिला प्रक्षेपण करार हाती असतानाच ही तयारी झाली, तर पुढच्या वाटाघाटीत क्लबांची बाजू भक्कम राहील. ती टळली, तर पुढची निविदा उघडली जाईल तेव्हा फुटबॉलपटूंवर आलेली वेळ रग्बीपटूंवरही येऊ शकते.