विश्लेषण : ताऱ्यांच्या जुन्या वस्तीत ‘तरुण’ तारे कुठून आले? फुलंब्रीतून त्यांचा वेध घेता येईल?

पुष्य आणि आश्लेषा ही नावे फुलंब्री तालुक्यातील शेतकऱ्याला पावसाची नक्षत्रे म्हणून पाठ असतात. जुलै-ऑगस्टमध्ये सूर्यच या नक्षत्रांत असतो. त्यामुळे त्यांचे तारे तेव्हा दिवसा आकाशात असतात आणि दिसत नाहीत. ते पाहायचे तर फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या रात्री. याच दोन नक्षत्रांच्या मधल्या जागेत ‘एम ६७’ नावाचा ताऱ्यांचा एक पुंजका आहे. त्याचे वय सुमारे ४०० कोटी वर्षे, पण तिथले काही तारे वयाच्या मानाने फारच तरुण दिसतात. हे कोडे उलगडण्यात भारतीय उपग्रहाचा महत्त्वाचा वाटा आहे. त्यासाठी लागणाऱ्या निरीक्षणांपैकी काही तर तालुक्याच्या गावातूनही करता येण्याजोगी आहेत. अर्थात, रात्रीचा काळोख शिल्लक राहिला तर.

एम ६७ म्हणजे नेमके काय?

एकाच वायूच्या ढगातून साधारण एकाच काळात जन्मलेल्या ताऱ्यांच्या सैलसर समूहाला खुला तारकागुच्छ म्हणतात. कृत्तिका हे त्याचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण. कृत्तिकांचे वय दहा कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे खगोलीय हिशेबात त्या बाल्यावस्थेत आहेत. असे बहुतेक गुच्छ काही कोटी ते काही अब्ज वर्षांत विखरून जातात. आकाशगंगेत फिरताना बसणारे गुरुत्वाकर्षणाचे हिसके त्यांना एकत्र राहू देत नाहीत.

एम ६७ मात्र टिकून आहे. कर्क राशीतील हा गुच्छ आपल्यापासून सुमारे २,८०० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचे वय आणि रासायनिक घडण सूर्याशी मिळतीजुळती असल्याने शास्त्रज्ञांना तो विशेष जवळचा. सूर्यासारखे तारे उतारवयाकडे कसे सरकतात, हे एकाच ठिकाणी पाहण्याची ही सोय आहे.

‘तरुण’ ताऱ्यांचे कोडे काय आहे?

ताऱ्याचे आयुष्य त्याच्या वस्तुमानावर ठरते. जड तारा इंधन उधळतो आणि लवकर संपतो, हलका तारा काटकसरीने दीर्घकाळ जगतो. त्यामुळे ४०० कोटी वर्षांच्या गुच्छात सूर्याच्या सुमारे सव्वा-दीडपटीहून जड तारे आता सामान्य अवस्थेत उरायला नकोत. ते फुगून तांबडे महाकाय झालेले असावेत किंवा विझून श्वेत बटू.

पण एम ६७ मध्ये त्याहून जड, तापलेले, निळसर तारे ठळकपणे दिसतात. दहावीची परीक्षा देऊन वर्ग मोकळा झाला तरी काही मुले पाचवीच्याच बाकावर दिसावीत, तसा हा प्रकार. ॲलन सँडेज यांनी १९५३ मध्ये एम ३ या दुसऱ्या तारकागुच्छात असे तारे पहिल्यांदा नोंदवले. त्यांना ‘ब्लू स्ट्रॅगलर’, म्हणजे मागे रेंगाळलेले निळे तारे, असे नाव पडले.

त्यावरचे एक उत्तर १९६४ मध्ये विल्यम मॅक्रिया यांनी सुचवले. हे तारे मुळात जड नव्हतेच. ते जोडीने राहत होते. जोडीदार म्हातारा होऊन फुगला, तेव्हा त्याचे बाहेरचे द्रव्य या ताऱ्यावर ओघळले. आयते इंधन मिळाल्याने तारा जड आणि तरुण दिसू लागला. दोन तारे एकमेकांत मिसळून गेले तरी असेच घडू शकते.

जोडतारा ओळखतात कसा?

इतक्या अंतरावरून दोन तारे वेगळे दिसत नाहीत, एकच ठिपका दिसतो. पण जोडीची कक्षा आपल्या दृष्टिरेषेत असेल, तर एक तारा दुसऱ्याला ठरावीक वेळाने झाकतो आणि ठिपक्याचा प्रकाश कमी होतो. ज्यांचा प्रकाश असा कमी-जास्त होतो, त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. काही रूपविकारी तारे एकटेही असतात. ते स्वतःच फुगतात आणि आकसतात.

ययाती तारकासमूहातील अल्गोल हा साध्या डोळ्यांनी दिसणारा नमुना. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचा प्रकाश एक तृतीयांशाच्याही खाली येतो. १७८३ मध्ये इंग्लंडमधील जॉन गुडरिक या तरुणाने या नियमितपणाची नोंद मांडली आणि एखादा पिंड मध्ये येत असावा, असे सुचवले. तेव्हा तो विशीतही पोहोचला नव्हता आणि त्याला ऐकू येत नव्हते. पुढे लक्षात आले की अल्गोलच्या जोडीतला हलका ताराच जास्त म्हातारा आहे. एकाचे द्रव्य दुसऱ्याकडे गेल्याशिवाय हे जमत नाही. म्हणजे एम ६७ मधले कोडे ज्या घडामोडीने सुटते, तिचा नमुना हिवाळ्यात आपल्या डोक्यावर असतो.

एम ६७ मध्ये ‘एएच कॅन्क्री’ नावाची जोडी आहे. तिचे दोन्ही तारे एकमेकांना चिकटून फिरतात आणि ८ तास ३९ मिनिटांत एक फेरी पुरी करतात. एका फेरीत प्रकाश दोनदा घटतो. म्हणजे फेब्रुवारीतल्या एकाच रात्रीत दोन्ही वेळची घट टिपता येते.

ॲस्ट्रोसॅटने काय दाखवले?

२८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोने ॲस्ट्रोसॅट ही भारताची खगोल वेधशाळा अवकाशात सोडली. तिच्यावरील ‘यूव्हीआयटी’ ही अतिनील दुर्बीण बेंगळूरुच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. पुण्याची आयुका, मुंबईची टीआयएफआर, इस्रो आणि कॅनडाची अवकाश संस्था त्यात सहभागी होत्या.

अतिनीलच का? द्रव्य गमावलेल्या जोडीदाराचा फक्त तापलेला गाभा, म्हणजे श्वेत बटू, मागे उरतो. साध्या प्रकाशात तो शेजारच्या ठळक ताऱ्यात हरवतो. अतिनील प्रकाशात मात्र तो उठून दिसतो, कारण तो अतिशय तप्त असतो.

एन. सिंधू, अन्नपूर्णी सुब्रमण्यम, विक्रांत जाधव आदी संशोधकांनी २०१९ मध्ये एम ६७ मधील अशा छुप्या जोडीदारांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातल्या एका ब्लू स्ट्रॅगलरसोबत सूर्याच्या सुमारे एक पंचमांश वस्तुमानाचा श्वेत बटू सापडला. एकट्या ताऱ्यातून इतका हलका श्वेत बटू तयार व्हायला विश्वाच्या १३८० कोटी वर्षांच्या वयाहूनही जास्त काळ लागेल. म्हणजे त्याचे द्रव्य जोडीदाराने ओढून घेतले, हाच सरळ अर्थ. ही जोडी ४.२ दिवसांत एक फेरी मारते आणि तिच्यातला ठळक तारा स्वतः तास-सव्वा तासाच्या लयीत स्पंदन पावतो. रूपविकारी, जोडतारा आणि ब्लू स्ट्रॅगलर हे तिन्ही एकाच ठिपक्यात.

मोठ्या वेधशाळा असताना हौशी निरीक्षक कशाला?

कारण मोठ्या दुर्बिणीचा वेळ मोजून मिळतो. आंबेगाव तालुक्यात गिरवली येथे आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे, पण ती वर्षानुवर्षे एकाच ताऱ्याकडे रोखून ठेवता येत नाही. जोडताऱ्याची फेरी मात्र काळानुसार अगदी किंचित बदलते. भिंतीवरचे घड्याळ रोज थोडे पुढे जावे आणि चूक काही महिन्यांनी लक्षात यावी, तसा हा फरक साठत जातो. तो पकडायला दीर्घकाळाच्या नोंदी लागतात. द्रव्य अजून वाहते आहे का, तिसरा तारा जवळपास आहे का, हे त्यातूनच कळते.

याची परंपरा आपल्याकडे आहे. जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या ३७ हजारांहून अधिक नोंदी अमेरिकेतील ‘आव्सो’ या निरीक्षक संस्थेला पाठवल्या. त्यांचे काम पाहून संस्थेने १९२६ मध्ये त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला दिली. पुढे ती वेणू बाप्पू यांच्याकडे आली. बाप्पूंनी विद्यार्थिदशेतच हैदराबादेत रूपविकारी ताऱ्यांवर काम सुरू केले होते. तिथल्या निजामिया वेधशाळेत त्यांचे वडील नोकरीला होते. मराठवाडा तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानात होता, हेही लक्षात ठेवण्यासारखे.

फुलंब्रीतून काय शक्य आहे?

जागा सोयीची आहे. फुलंब्रीहून एम ६७ जवळपास डोक्यावर येतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेनऊच्या सुमारास तो सर्वात उंच असतो. तिथे हवेचा थर पातळ लागतो आणि तारा स्थिर दिसतो. शिवाय नोव्हेंबर ते मार्च ढग कमी. ज्या कोरडेपणाने मराठवाड्याला टँकरची वाट पाहायला लावली, तोच इथे उपयोगी पडतो.

सुरुवात अल्गोल आणि मृगातील काक्षी यांच्यापासून करता येते. त्यासाठी डोळे, वही आणि मोबाइलवरची अचूक वेळ पुरते. २०१९-२० च्या हिवाळ्यात काक्षी एकाएकी मंदावला, तेव्हा जगभरच्या हौशी नोंदी कामी आल्या. बायनॉक्युलरमधून एम ६७ धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. एएच कॅन्क्रीसाठी मात्र साधारण आठ इंची दुर्बीण आणि तिला जोडलेला कॅमेरा हवा. एकाच छायाचित्रातल्या न बदलणाऱ्या ताऱ्यांशी तुलना करून प्रकाशाचा आलेख काढायचा. ते गणित बारावीच्या विद्यार्थ्याला जमण्यासारखे आहे. ज्यांच्याकडे दुर्बीण नाही, त्यांच्यासाठी गाया, केप्लर आणि ॲस्ट्रोसॅट यांची माहिती विनामूल्य खुली आहे.

मग अडचण कुठे आहे?

एएच कॅन्क्री हा डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वात अंधूक ताऱ्यापेक्षाही शेकडो पटींनी मंद आहे. इतका क्षीण प्रकाश पकडताना मागचे आकाश काळे असावे लागते. छत्रपती संभाजीनगर शहर फुलंब्रीच्या दक्षिणेला हाकेच्या अंतरावर आहे. जळगाव रस्त्यावर हॉटेले, पेट्रोल पंप, प्लॉटिंग वाढत आहे आणि त्यासोबत वर तोंड करून लावलेले पांढरेशुभ्र फ्लडलाइटही. आकाशात गेलेला तो प्रकाश रस्त्याच्या कामाचा नसतो आणि बिल मात्र भरावे लागते.

दिवे नकोत, असे कोणी म्हणणार नाही. रब्बीत रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी द्यायला जाणाऱ्याला, रात्री घरी परतणाऱ्या बाईला उजेड हवाच. प्रश्न दिव्याच्या दिशेचा आहे. वरून झाकलेला, खाली प्रकाश टाकणारा, पिवळसर दिवा तेवढ्याच विजेत रस्ता अधिक चांगला दाखवतो आणि डोळे दिपवत नाही.

महाराष्ट्राला हे नवे नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. फुलंब्रीला अशा मान्यतेची गरज नाही. नगरपंचायतीने नवे दिवे घेताना झाकणाची अट घालावी आणि तालुक्यातील एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाने गच्चीवर एक दुर्बीण कायमची उभी करावी, एवढे पुरे. दुर्बीण पुढच्या वर्षीही घेता येईल. उजेडाने भरलेले आकाश पुन्हा काळे करणे मात्र त्याहून कितीतरी अवघड आहे.