खांदेरीचा दरवाजा थळमध्ये आहे

मुंबई बंदराच्या दक्षिणेस, अलिबागजवळच्या थळ गावासमोर, भर समुद्रात खांदेरी नावाचे जे दोन टेकड्यांचे चिमुकले बेट आहे, त्यावरचा दीपस्तंभ १८६७ सालापासून येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांना वाट दाखवीत उभा आहे. परंतु ज्या महानगराच्या जहाजांसाठी तो रात्रभर जळतो, त्या महानगरातील किती माणसांनी या बेटावर पाऊल ठेवले असेल, असा प्रश्न केला तर उत्तर खेदजनक येईल. मोटारीसकट माणसांना तासाभरात मांडव्यास उतरविणारी बोट आता आहे, मांडव्याहून थळही फारसे दूर नाही, आणि तरी थळ ते खांदेरी हे चार-पाच किलोमीटरांचे पाणी ओलांडण्यास नियमित उतारू-सेवा म्हणून नाही. ज्याला जायचे असेल त्याने कोळीवाड्यात जावे, नाखव्याला भेटावे, भरती-ओहोटीचा हिशेब विचारावा आणि त्याला मासेमारीतून सवड असेल त्या दिवशी निघावे. डोळ्यांना रोज दिसणारे हे बेट पायांना दुर्गम राहिले आहे ते या कारणाने.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले आणि रायगड, राजगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग या सर्वतोमुखी असलेल्या नावांच्या पंक्तीत खांदेरीही जाऊन बसली. या सन्मानाचा आनंद मला इतर कोणत्याही मराठी माणसाइतकाच आहे. परंतु आता बेटावर काय-काय व्हावे याची जी चर्चा कानांवर येते, तीत थळचे नाव अभावानेच निघते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. कारण खांदेरी ज्याने थळमार्गे पाहिली आहे त्याला एवढे तरी निश्चित कळते, की त्या बेटाला आजवर ज्या वस्तीने सांभाळले, तिला वगळून आखलेली कोणतीही योजना त्याच्या हिताची ठरणार नाही.

मी गेलो तो माघातला एक सकाळचा प्रहर होता आणि तिथी अष्टमीची होती. तिथी मुद्दाम सांगतो, कारण ती मी निवडलेली नव्हती. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या भांगाचे पाणी सौम्य असते, बेटाच्या धक्क्याला होडी लावणे सोपे जाते, म्हणून नाखव्यानेच तो दिवस सांगितला होता. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकत होते. वाळूत जवळा पसरून दोन वृद्ध स्त्रिया त्यातला केरकचरा एकेक करून वेचीत होत्या. ओहोटी लागल्यामुळे होडीपर्यंत गुडघाभर चिखलातून चालावे लागले. होडी सुटली तशी वाटेत शेजारच्या बेटावरची उंदेरी दिसू लागली. तिचा ढासळता तट पाण्यातून वर डोके काढून होता, आणि तिच्यापलीकडे खांदेरीच्या दोन टेकड्या हळूहळू एकमेकींपासून सुट्या होऊ लागल्या.

या दोन बेटांचे वैर इतिहासात प्रसिद्ध आहे. मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांवरही एकाच ठिकाणाहून नजर ठेवता येईल, हे शिवछत्रपतींनी हेरले होते. १६७२ मध्ये केलेला पहिला प्रयत्न त्या दोघांच्या विरोधामुळे सोडून द्यावा लागला, तेव्हा त्यांनी सात वर्षे वाट पाहिली आणि १६७९च्या पावसाळ्याच्या अखेरीस मायनाक भंडारी यांना शे-दीडशे माणसांनिशी खांदेरीवर उतरवून तटाचे काम सुरू केले. इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. १९ सप्टेंबर रोजी बेटावर उतरू पाहणारा त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. ऑक्टोबरात दौलतखानाच्या मराठी आरमाराने त्यांच्या जहाजांवर हल्ला चढविला. त्या झुंजीत इंग्रजांचे ‘डव्ह’ हे गलबत मराठ्यांच्या हाती पडले, तरी ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाच्या तोफांपुढे आरमाराला मागे फिरावे लागले.

असे असूनही खांदेरी मराठ्यांचीच राहिली. त्याचे कारण त्या एका झुंजीत सापडत नाही. वारा पडला की इंग्रजांची भारी जहाजे जागच्या जागी थिजत. त्याच वेळी समोरच्या किनाऱ्यावरून वल्ह्यांच्या हलक्या होड्या अंधारात, उथळ पाण्यातून, खडपांच्या आडोशाने दगड, चुना, धान्य आणि ताज्या दमाची माणसे बेटावर पोहोचवीत राहिल्या. या क्षुल्लक दिसणाऱ्या होड्या आपल्या जहाजांना सापडत नाहीत, अशी कबुली इंग्रजांच्या तत्कालीन पत्रव्यवहारातच आहे. कोणत्या वगळीत किती पाणी असते, कोणता खडक ओहोटीच्या कितव्या घटकेला उघडा पडतो, रात्री वारा कोणत्या बाजूने उठतो, ही विद्या दर्यावर जन्म काढलेल्या भंडारी-कोळ्यांची होती आणि तट उभा राहिला तो त्या विद्येच्या पाठबळावर. १६८०च्या आरंभी सिद्दी कासमाने उंदेरीचा ताबा घेऊन खांदेरीवर तोफा रोखल्या, तरी इंग्रजांना मात्र तहनामा करून माघार घेणे भाग पडले. पुढे १७१८ मध्ये गव्हर्नर बूनने पुन्हा एकदा खांदेरीवर स्वारी केली, तेव्हा बेट कान्होजी आंग्र्यांच्या अमलाखाली होते, आणि तीही मोहीम निष्फळ झाली.

बेटावर उतरल्यावर पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण माझे पाय अडखळले ते तटाच्या बाहेरच्या पायथ्याशी. तेथे बांधकाम असे नाहीच. ओबडधोबड सुटे धोंडे समुद्रात नुसते टाकून दिल्यासारखे पसरले आहेत. वाकून पाहिले तर त्या धोंड्यांवर कालवांचे आणि समुद्रात दगडाला चिकटून राहणाऱ्या बारीक शंखप्राण्यांचे थरावर थर बसलेले दिसतात, आणि प्रत्येक कवचाची कड पात्यासारखी धारदार. मी बोट लावले तर चिरले. लाटेचा जोर तटावर येण्यापूर्वी त्या धोंड्यांत विरतो, आणि होडीतून अनवाणी उडी मारणाऱ्या शत्रूचे तळवे रक्तबंबाळ होतात; दगड माणसाने टाकले आणि त्यांना धार समुद्राने आणली. बुरुजांवर लोखंडी चाकांच्या गाड्यांवर बसविलेल्या तोफा अजून आहेत, गोड्या पाण्याची टाकी आहेत, आणि एक मोठा खडक असा आहे की लहान दगडाने त्यावर ठोकले असता भांड्यावर ठोकल्यासारखा धातूचा नाद उमटतो. पण साडेतीनशे वर्षांपूर्वीची बुद्धी मला सर्वांत जवळून दिसली ती त्या काळ्या, ओल्या, कालवांनी भरलेल्या धोंड्यांत.

नाखवा मात्र मला प्रथम तिकडे नेईना. “आधी देवाला जावा, मग किल्ला बघा,” असे म्हणून तो वेताळाच्या देवळाकडे वळला. देव म्हणजे पांढरा रंग दिलेला एक मोठा पाषाण. तो वर्षागणिक वाढतो अशी कोळ्यांची श्रद्धा. नाखव्याने घरून आणलेला नारळ फोडला, खोबऱ्याचा एक तुकडा देवापुढे ठेवला, एक मला दिला आणि एक परतीच्या वाटेवर समुद्रात सोडण्यासाठी कनवटीस लावला. राज्ये बदलली, तोफा गंजल्या, बेटाला १९९८ मध्ये कान्होजी आंग्रे यांचे नावही दिले गेले. आणि या अवधीत थळचा आणि आसपासचा दर्यावर्दी या देवाला येत राहिला. या येण्यासाठी त्याला कोणी पगार दिला नाही. परंतु बेटावर माणसाचे पाऊल पडत राहिले, वाट मोडली नाही, आणि कोठे काय ढासळले याची वार्ता किनाऱ्यावर पोहोचत राहिली, ती या भक्तीमुळे.

आज खांदेरीची जमीन मुंबई बंदराकडे, दिवा दीपस्तंभ खात्याकडे आणि किल्ला राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहे. प्रत्येकाचे काम आपापल्या जागी आवश्यक आहे, आणि त्यांपैकी कोणाच्याही हेतूविषयी शंका घेण्याचे मला कारण नाही. पण या तिन्ही दप्तरांत मिळून थळच्या कोळीवाड्याचे खाते कोठे आहे? मुंबईहून थेट बेटावर वेगवान बोटी लागाव्यात, तेथे उपाहारगृहे व्हावीत, रात्रीच्या रोषणाईत तट उजळावा, अशी स्वप्ने रंगविणाऱ्यांना मी इतकेच विचारतो, की गोड्या पाण्याची मोजकी टाकी असलेल्या त्या इवल्याशा जागेत शेकडो माणसांची रोजची वर्दळ आणि तिचा कचरा मावेल कसा? त्या वर्दळीतून एक रुपयाही थळच्या घरात न येता केवळ तेथल्या कोळ्यांची जाळी आणि वाट बोटींनी तुडविली गेली, तर त्या वस्तीने बेटाविषयी आपलेपणा तरी कशाच्या बळावर राखावा?

माझे म्हणणे सरळ आहे. खांदेरीस जाण्याचा मार्ग थळवरूनच असावा. थळला ओहोटीतही होडी टेकेल अशी सोय व्हावी, म्हणजे वृद्धांना आणि मुलांना चिखल तुडवावा लागणार नाही. उतारू नेण्याचे परवाने प्रथम तेथल्या नाखव्यांना द्यावेत, त्यांच्या होड्यांची तपासणी व्हावी, प्रत्येक उतारूस तरंगजाकीट सक्तीचे असावे. दिवसाकाठी किती माणसे जातील याला बंधन असावे, आणि बेटावर मुक्कामाची, खानावळीची वा दुकानांची एकही वीट लागू नये. राहणे-जेवणे थळच्या घरांतून व्हावे. किल्ल्याची माहिती सांगणारे तरुण याच कोळीवाड्यातून घेऊन, पुरातत्त्व खात्याने त्यांना रीतसर शिक्षण द्यावे. वेताळाच्या पूजेचा जो क्रम आहे त्यात कोणीही, कोणत्याही सुशोभीकरणाच्या निमित्ताने, हात घालू नये. पायथ्याच्या त्या सुट्या धोंड्यांना सिमेंटने जोडण्याचा विचार कोणाच्या मनात आला, तर तो त्याच क्षणी सोडून द्यावा. ते धोंडे सुटे आहेत म्हणूनच तट उभा आहे.

परतताना वारा पडला होता. नाखव्याने यंत्राचा आवाज कमी केला, कनवटीचा खोबऱ्याचा तुकडा पाण्यात सोडला आणि एका ठिकाणी काहीही दिसत नसताना होडी चांगली वळसा घालून नेली. मी विचारले तेव्हा त्याने नुसते बोट केले. थोड्या वेळाने लाट ओसरली आणि पाण्याखालचा काळा खडक क्षणभर वर आला. मुलगा आता कारखान्यात जातो, तो या वाटा शिकला नाही, असे त्याने पुढे सांगितले.

वाचकांनी खांदेरीस जरूर जावे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवळला, की थळच्या कोळीवाड्यात येऊन नाखव्याला दिवस विचारावा, आणि तो सांगेल त्या दिवशीच निघावे.