हिंगाची डबी वाचता येते, मग गोळीची पट्टी का नाही?

माझ्या मावशीला दोन वर्षांपूर्वी सिलिअ‍ॅक आजाराचं निदान झालं. या आजारात गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की लहान आतड्याला इजा होते आणि लोह, जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. तेव्हापासून घरात ज्वारी, बाजरी, तांदूळ. हिंगसुद्धा बदलला, कारण डबीतल्या हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. हे आम्हाला डबीवर वाचूनच कळलं.

मग डॉक्टरांनी लोह आणि बी-१२ च्या गोळ्या लिहून दिल्या. औषधाच्या दुकानात पट्टी कापून पाच-पाच गोळ्या हातात दिल्या. "यात गहू नाही ना?" असं विचारलं, तर उत्तर मिळालं, "अहो, व्हिटॅमिनची गोळी आहे, त्यात गहू कुठून येणार?"

येऊ शकतो. बी-१२ तर मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एवढ्याशा औषधाची गोळी बनवायला स्टार्च, लॅक्टोज, रंग असं काहीबाही घालावं लागतं. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं. स्टार्च बहुतेक वेळा मक्याचा असतो, पण गव्हाचाही असू शकतो. आणि पट्टीवर काय छापलेलं होतं? 'एक्सिपियंट्स क्यू. एस.' म्हणजे बाकीचं सगळं लागेल तेवढं!

मावशीनं भीतीपोटी गोळ्याच बंद केल्या, आम्हाला न सांगता. काही महिन्यांनी हातापायांना मुंग्या यायला लागल्या. तपासलं तर बी-१२ तळाला गेलेलं.

आता गंमत बघा. एकाच कपाटात दोन प्रकारची व्हिटॅमिनं असतात. ज्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो, ते कायद्यानं अन्न. त्यावर गहू, दूध, सोया, शेंगदाणे असे अ‍ॅलर्जीचे घटक लिहावेच लागतात. शेजारची गोळी औषधाच्या परवान्यावर बनलेली, म्हणून तिला 'क्यू. एस.' लिहून सुटता येतं. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. पण तेव्हा ठरलेल्या यादीत बॅच, उत्पादक, मुदत वगैरे होतं. गोळीतले हे बाकीचे घटक नव्हतेच.

उगाच घाबरवायचं नाही, म्हणून हेही सांगतो. दूध न पचणं, दुधाची अ‍ॅलर्जी आणि सिलिअ‍ॅक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसतं दूध पचत नसेल, तर गोळीतलं थोडंसं लॅक्टोज बहुतेकांना बाधत नाही. ते कपभर दुधाच्या मानानं अगदीच किरकोळ असतं. अ‍ॅलर्जी किंवा सिलिअ‍ॅक असेल तर मात्र थोडक्यानंही फरक पडू शकतो. डी-३ ची पुडी दुधातच घ्यायला हवी असंही नाही; दूध चालत नसेल तर कशासोबत घ्यायची ते डॉक्टरांना विचारा.

आणि 'व्हिटॅमिनच तर आहे' म्हणून मनानं घेऊ नका. साठ हजार युनिटची डी-३ आठवड्यातून एकदा लिहून दिलेली असताना काही जण रोज घेतात. डी शरीरात साठतं, रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडावर बेततं. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर ती नीट अंगी लागत नाही.

आपल्या हातात आहे ते करू. पट्टी कापून घेऊ नका. घेतलीच तर नाव, बॅच आणि कंपनीचा पत्ता असलेल्या बाजूचा फोटो काढा. गोळी बदलून दिली तर विचारा. शंका असेल तर डॉक्टरांना सांगून कंपनीकडून लेखी उत्तर मागा. पण गोळी परस्पर बंद करू नका. मावशीची चूक तीच झाली. आता डॉक्टरांनी तिला बी-१२ चं इंजेक्शन सुरू केलंय.

पण सगळा भार पेशंटवरच का? माझी मागणी साधी आहे. औषधाच्या प्रत्येक पाकिटावर, नाहीतर निदान त्या क्यूआर कोडमध्ये, सगळे घटक द्या आणि स्टार्च कशाचा तेही लिहा. चिमूटभर हिंगाला जो नियम आहे, तो रोज गिळायच्या गोळीला का नको?