मुलाखतीतील आलोचना



पूर्वी आपल्याकडील मुले शिक्षण संपताच पेढीवर बसत. तेथे मुलाखत नसे. घराण्याची पत हीच ओळख असे. आता आपली अनेक मुले-मुली बँका, लेखापरीक्षकांची कार्यालये, संगणक कंपन्या येथे नोकरी पत्करतात. तेथे समोरचा अधिकारी हमखास विचारतो, “तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा. तिचे तुम्ही पुढे काय केलेत?” या प्रश्नापाशी हुशार मुलेही अडखळतात. आपले उणे बाजारात सांगितले की पत जाते, हे बाळकडू लहानपणापासून मिळालेले असते ना!

वास्तविक, विचारणाऱ्याला तुमच्या चुकीत फारसा रस नसतो. उद्या या व्यक्तीच्या हाती आपला हिशेब सोपवला आणि त्यात गफलत झाली, तर ती आपल्याला केव्हा कळेल, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. पेढीवर नवा मुनीम ठेवताना आपले आजोबाही हेच पारखत असत.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. सहा आभ्यंतर तपांमध्ये प्रायश्चित्ताला पहिले स्थान आहे. तत्त्वार्थसूत्रात त्याचे ९ भेद सांगितले असून त्यांतील पहिला भेद आलोचना, म्हणजे गुरूंसमोर निष्कपटपणे केलेले दोषनिवेदन. मनुष्यस्वभाव जाणणाऱ्या आपल्या आचार्यांनी आलोचना करतानाही जे १० दोष घडतात, ते वेगळे सांगून ठेवले आहेत. मुलाखत ही धर्मक्रिया नव्हे आणि समोरचा अधिकारी गुरू नव्हे, हे खरेच. तथापि त्यांतील चार दोष मुलाखतीच्या खोलीत रोज घडतात.

पहिला ‘दृष्ट’. इतरांनी पाहिलेला दोष तेवढा सांगायचा, न पाहिलेला दडवायचा. “साहेबांच्या लक्षात आले, म्हणून मग मी दुरुस्त केले,” हे उत्तर याच जातीचे. कोणाच्याही लक्षात येण्यापूर्वी तुम्ही स्वतः होऊन सांगितलेली चूक आठवत असेल, तर तीच सांगावी.

दुसरा ‘सूक्ष्म’. क्षुल्लक दोष सांगून मोठ्यांवर पांघरूण घालायचे. “मी फार बारकाईने काम करतो, त्यामुळे कधी कधी उशीर होतो,” हे उत्तर अधिकाऱ्यांनी शेकडो वेळा ऐकलेले असते. गुणालाच दोषाचे कपडे घातले, तर ते ओळखू येतात.

तिसरा ‘छन्न’, म्हणजे झाकून सांगणे. आपली मराठी येथे आपल्याला फार लवकर साहाय्य करते. ‘नोंद राहून गेली’, ‘आकडा चुकला’, ‘तसे घडले’ अशा वाक्यांत करणारा कोठेच सापडत नाही. ‘आमच्या विभागाकडून झाले’ हेही त्यातलेच. तेथे ‘मी नोंद केली नाही’ असे म्हणून पाहा. वाक्य सरळ होते, आणि ऐकणाऱ्याचा विश्वास वाढतो.

चौथा ‘आकंपित’. गुरूंना आधी सेवेने प्रसन्न करून प्रायश्चित्त हलके करून घ्यायचे. कंपनीची स्तुती, घरच्या अडचणींचे वर्णन, आणि मग चूक! हा क्रम टाळावा.

मग नीट उत्तर कसे असावे? समजा, एक मुलगी कापडाच्या घाऊक व्यापाऱ्याकडे लेखनिक होती. ती म्हणते, “एका ग्राहकाच्या बिलावर मी चुकीचा जीएसटी क्रमांक घातला. त्यामुळे त्याला त्या खरेदीचे इनपुट क्रेडिट दिसेना. महिनाअखेरीस ताळा घेताना माझ्या ध्यानात आले. मी त्याच दिवशी मालकांना सांगितले, ग्राहकाला स्वतः फोन केला आणि पुढील जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती दाखवली. ग्राहकाला क्रेडिट उशिरा मिळाले आणि त्याची नाराजी मला ऐकावी लागली. तेव्हापासून नव्या ग्राहकाचा क्रमांक पोर्टलवर तपासल्याशिवाय मी बिल करत नाही.” मिनिटभराचे हे बोलणे. त्यात चूक आहे, तिने कोणाचे नुकसान झाले ते आहे, दुरुस्ती आहे आणि नवा नियम आहे. शेवटचा भाग सर्वांत मोलाचा. षडावश्यकांमध्ये प्रतिक्रमण आहे तसे प्रत्याख्यानही आहे. मागचे निस्तरायचे आणि पुढचे सोडायचे, अशी ती जोडी आहे.

दोन गोष्टींचे मात्र भान ठेवावे. चूक सांगण्याच्या भरात आधीच्या मालकाचे भाव, ग्राहकांची नावे, घरातल्या गोष्टी उघड करू नयेत. दुसऱ्याचे गुपित फोडणे हा सत्याणुव्रताचा अतिचार आहे, आणि जो त्यांचे गुपित आज येथे सांगतो तो आपले उद्या कोठे सांगेल, हे समोरचा तत्काळ ओळखतो. तसेच उत्तर शोभावे म्हणून न झालेली चूक रचू नये, की दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेऊ नये. तेही असत्यच. एक-दोन उपप्रश्न आले की रचलेली गोष्ट उसवते.

आता दोन शब्द वडीलधाऱ्यांसाठी. मुलाखतीच्या आदल्या रात्री हे शिकवून येत नाही. रोजमेळ जुळला नाही, तर खाडाखोड करून तो जुळवायचा नाही, हे आपण जाणतो. फरक उचंत खात्यात टाकून शोधायचा, सापडला की रीतसर नोंद करून खाते बंद करायचे, हीच पेढीची रीत. परंतु मुलगा “काका, माझ्याकडून माल कमी मोजला गेला,” असे सांगायला आला, की त्याला चार गिऱ्हाइकांदेखत फैलावर घेणारे आपणच असतो. पुढच्या वेळी तो सांगत नाही. लपविण्याचे शिक्षण असे घरीच मिळते, आणि त्याची किंमत तो परक्या कचेरीत मोजतो.

संवत्सरीला आपण शेकडो जणांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. त्यांतील एकाला तरी नेमके कशाबद्दल, ते नाव घेऊन सांगून पाहावे. ज्याला हे घरी जमले, त्याला मुलाखतीत वेगळी तयारी करावी लागणार नाही.